वीतभर कामटी

"एवढी काहून भरली जी?"
मडावी मिस्त्रीनं पिशवी हातात तोलली.
"हँडल आयकन का तुमचं?"

मी जाडी वही काढली, दुसरा टॉवेल.
पोहे राहू दिले.

पट्ट्याखाली ब्रेकची तार दबत होती.
त्यानं जुन्या ट्यूबचा तुकडा दांडीला गुंडाळला,
मधे बांबूची कामटी खोचली,
उजवीकडं वीतभर बाहेर.
तेवढी कापा ना, मी म्हटलं.
"राहू द्या."

तळोधीपर्यंत पिशवी हलली नाही.
पुढं मोहाखाली अंधार,
आणि दिवा पिशवीमागं झाकलेला.
धानाच्या बांध्यांमधला रस्ता दिसेना.

उतरलो. चाचपडत दिवा सोडवला,
कुठं बांधू म्हणून
दांडीवर हात फिरवला,
तर लागली
ती.