गुरुवारची कवळी

कोसहून गुरुवारची पहिली बोट धरून मी कालिम्नोसला येते.
दवाखाना म्हणजे औषधाच्या दुकानामागची खोली.
खुर्ची जुनी, पेडल कुरकुरतं,
खिडकीत कुणाचे तरी स्पंज वाळत टाकलेले.

आज साकेलारिस. वय एकोणऐंशी.
चाळीस वर्षं समुद्राच्या तळाशी
रबरी नळीचं टोक दातांत धरून जगलेला माणूस.
वर होडीत कंप्रेसर धडधडायचा,
खाली सगळा श्वास समोरच्या सहा दातांच्या भरवशावर.
लोक बोलून बोलून दाताच्या कण्या करतात,
याने गप्प राहून केल्या.
मग त्याही गेल्या.
"ब्रश कशाला, खारं पाणी होतं की,"
असं म्हणाला. म्हणजे, असं म्हणाला असावा.
बोळक्यातून येणारे शब्द
भिजलेले, कडा नसलेले.

वरची कवळी बसवते. खालची बसवते.
चावा. उघडा. चावा.
निळा कागद सांगतो कुठे जास्त टेकतंय.

मग बोलण्याची परीक्षा. जेवणाची नंतर.
पाव दुधात बुडवून खाता येतो,
शब्दांना ती सोय नाही.
"एफ्ता म्हणा." सात.
वरचे दात खालच्या ओठाला भेटले, फ आला,
बरेच दिवसांनी आलेल्या पाहुण्यासारखा, जरा अवघडून.
"एक्सी." सहा.
शीळ वाजली.
मी हसले नाही. कवळी काढली,
पुढच्या दातांमागे अर्धा मिलिमीटर घासली,
मनगटावर गुलाबी भुकटी.
पुन्हा एक्सी. आता नुसता स, आपल्या मापाचा.

या बेटावर एक शब्द मी शेवटी ठेवते: थालासा.
समुद्र.
आधी थ, आपला जाड थ नव्हे, वाऱ्याचा:
जीभ दातांच्या उंबरठ्यावर येते,
टोक बाहेर काढून वारा जाऊ देते
आणि पाऊल टाकत नाही.
मग ल, टाळूला शिवून परत.
शेवटी स, दातांच्या फटीतून ओहोटी.
ज्याला समुद्र नीट म्हणता आला त्याची कवळी बसली.

साकेलारिस म्हणाला नाही.
बाविसाव्या वर्षी पाण्यातून फार घाईने वर आल्यापासून
सरळ न होणारा उजवा पाय
तेवढा हलला.
"त्याचं नाव मी घेत नाही."
स्वच्छ. प्रत्येक कडा जागेवर.

मी घड्याळ पाहिलं. दोनची बोट.
"मग थ असलेलं दुसरं काहीही."
तो जीभ नव्या दातांमागून फिरवत राहिला,
परक्या घरात रात्री भिंत चाचपावी तशी.
मग म्हणाला,
"थेमेलिना."

बाहेरच्या बाकावर सुया थांबल्या.
"तीन वर्षं हेमेलिना, हेमेलिना," दारातून बाई म्हणाली,
"मला वाटायचं, दुसऱ्याच कुणाला हाका मारतोय.
पुन्हा म्हण."
त्याने म्हटलं.
"पुन्हा."
"पुरे. डॉक्टरीणबाई वेगळे पैसे लावतील."

सूचना मी मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या:
जेवणानंतर धुवा. मऊ ब्रश. गरम पाणी नको.
धुताना बेसिनमध्ये पाणी भरा, निसटली तर फुटणार नाही.
रात्री हिरड्यांना विसावा.
कवळी रात्रभर पाण्यात.

शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.
"रात्रभर?"
"रात्रभर."
"पाण्याखाली."
"पेल्यात, हो."
त्याने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली.
"आणि वर कधी काढायची?"
"सकाळी," मी म्हणाले.

"सावकाश," थेमेलिना म्हणाली,
आणि त्याचा कोट घेऊन उभी राहिली.