मंगळवारी दहा वाजता

मंगळवारी दहा वाजता ओडेगार्डबाई येणार, घर तपासायला.
शनिवारपासून मी फ्रीजच्या मागे आहे.
मेरिल म्हणतो, अगं, त्या फ्रीज सरकवून बघणार नाहीत.
मला ठाऊक आहे. तरीपण.

नळाचं गरम पाणी एकशेवीस फॅरनहाइटच्या वर नको,
पत्रकात छापलंय.
मेरिल तळघरात बॉयलरची मनधरणी करतोय,
मी वर सिंकपाशी, मांस भाजायचा थर्मामीटर धारेखाली धरून
ओरडून आकडे सांगतेय:
एकशेएकतीस. एकशेसव्वीस. अजून. अजून जरासं.
तेवीस वर्षं याच पाण्यात भांडी घासली.
ते इतकं पोळतं, हे कळायला
कुणाचे तरी छोटे हात आधी मनात यावे लागले.

हरणाच्या गोळ्यांना कुलूप,
डोकेदुखीच्या गोळ्यांना कुलूप,
किल्ल्या कुठे ठेवायच्या यावरून भांडण.
विहिरीच्या पाण्याचा दाखला आला,
कुत्र्याच्या इंजेक्शनचा आला,
आम्ही दोघं धडधाकट आहोत असं डॉक्टरांनी लिहून दिलं.
फक्त मेरिलच्या बोटांचे ठसे परत आले,
दुसऱ्यांदा.
तीस वर्षं दगडाच्या भिंती रचून
बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत.
डुलुथच्या पोलीस ठाण्यातली पोरगी म्हणाली,
रात्री मलम चोपडा आणि हातमोजे घालून झोपा.
आठवडाभर तो तसा झोपला,
पांढरे सुती मोजे, हात छातीवर,
वाजवायचं विसरलेल्या बँडवाल्यासारखा.
मी अंधारात हसत होते.

खोली अजून रिकामीच.
वय: दोन ते पाच. मुलगा किंवा मुलगी.
मग खाट केवढी घ्यायची?
कोलंबियाचा नकाशा तेवढा भिंतीवर चिकटवलाय,
पास्तो गावाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ.
जेवताना आम्ही एकमेकांकडे मागतो: आग्वा. पान. लेचे.
मेरिलच्या तोंडी सगळेच शब्द
त्याच्या फिनिश आजोबांचे होऊन जातात.

तिकडे एक बाई आहे, किंवा होती.
तिच्या नळाचं पाणी कुणी मोजलं,
तिला कुणी काय विचारलं,
त्याला या पत्रकात रकाना नाही.

प्रश्न एकोणिसावा:
लहानपणी तुम्हाला शिक्षा कशी होत असे?
जागा दोन ओळींची.
मी लिहिलं, आईवडील प्रेमळ होते,
आणि एक अख्खा हिवाळा ते एकमेकांशी बोलले नव्हते
ते हातचं राखलं.
मेरिल दोन ओळी संपवून पान उलटून लिहीत राहिला,
पेन्सिलीला दोनदा टोक केलं,
काही न बोलता झोपायला गेला.
मी वाचलं.
सरपणाची खोली होती त्यात. पट्टा होता. पट्ट्याचं बक्कल
कुठल्या बाजूनं, तेही.
शेवटी लिहिलं होतं: मी तसा नाही.
ते खोडलेलं. त्याखाली:
मी तसा होऊ नये म्हणून रोज लक्ष ठेवतो.

तेवीस वर्षं. मला वाटायचं,
हा दाराशी थांबून श्वास घेऊन मग आत येतो
तो दमलेला असतो म्हणून.

माझं पान मी फाडलं. पुन्हा लिहिलं.

मंगळवारी बर्फ होतं. ओडेगार्डबाई वीस मिनिटं उशिरा आल्या,
बूट काढले तर उजव्या मोज्याला भोक.
फ्रीज बघितला नाही.
हात धुतले आणि म्हणाल्या,
पाणी गारच आहे हो तुमचं.
मग रिकाम्या खोलीत गेल्या आणि सरळ
फरशीवर मांडी घालून बसल्या.
इथून सरोवर दिसतं का बघत होते, म्हणाल्या.
दिसतं. पट्टीएवढं.
मेरिलही बसला, गुडघे वाजले त्याचे.
मी थर्मामीटर हातात घेऊन दारात उभी.
दोघांनी खालून वर बघितलं माझ्याकडे.
एवढी उंच
मी याआधी कुणालाच दिसले नसेन.