डावा पाय

वणीच्या पतसंस्थेच्या मॅनेजरनं विकताना सांगितलं,
"एकाच हातची गाडी हाय, बाई."
पायांचं काही बोलला नाही.

मागच्या सीटवर माझी पेटी :
दोनशे दहा चष्मे, आरशाचा एक तुकडा.
बुधवारी रुंझा, शुक्रवारी पारवा,
मधल्या दिवशी अजाबराव मिस्त्रीच्या दारात.

पहिल्यांदा प्लेट बदलली.
अकरा दिवस लोण्यासारखी.
बाराव्या दिवशी जिनिंगसमोर, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत,
पेडल तळाला टेकलं तरी गाडी सरकतच राहिली
आणि पहिला गिअर करकरा दात खाऊ लागला.

"तुमचा डावा पाय," अजाबराव म्हणाला,
"थो क्लचवरच बसून राह्यते. उतरतच नाही."

मग केबल.
ताणली, तर करंजीच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतं,
गाडी जागची हलत नाही, जळका वास पदराला.
सैल सोडली, की पुन्हा दात.
मग बेअरिंग. बाराशे रुपये, आणि वर
"बाईमाणसाच्या गाडीचं असंच असते, बापा."
त्याचा रोशन पान्हे पुसता पुसता हसला.

मी पायाला समजावलं.
चप्पल काढून चालवली,
म्हणजे त्याला खोटं बोलता येऊ नये.
भाकरी थापतानासुद्धा तो
जमिनीपासून दोन बोटं उचललेला असायचा.
शेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकलेल्या बाईचा पाय.
त्याची साक्ष कोण घेणार?

चौथ्यांदा गेले तेव्हा त्यांचं जेवण चाललेलं.
कोणाला विचारलं नाही.
डोकं स्टिअरिंगखाली, पाय बाहेर रस्त्यावर,
डोळ्यांवर पावणेदोनचा नंबर, दातांत मोबाइलचा उजेड.
पेडल हातानं दाबलं.
पेडल गेलं, केबल गेली,
आणि केबल ज्याला बांधलीय तो पत्राही गेला पुढे,
झोपलेल्या कुत्र्याच्या पोटासारखा.
सोडलं, मागे.
त्यात भेग. केसाएवढी.

"काहून, मले तं दिसत नाही," अजाबराव वाकून म्हणाला,
डोळे बारीक, मान मागे मागे,
बाजारात पन्नाशीची माणसं
आधारकार्ड लांब धरतात तशी.

मी माझा काढून त्याच्या कानांवर बसवला.

तो बराच वेळ तिथंच वाकलेला.
बोटाला वरणभात तसाच.
मग रोशनला म्हणाला, "वेल्डिंगचं मशीन काढ."
माझ्याकडे पाहिलं नाही.

वेल्डिंगचे पैसे त्यानं घेतले नाहीत.
चष्म्याचे मी घेतले. ऐंशी रुपये,
दांडीचा स्क्रू आवळून दिला.

आज बाविसावा दिवस.
तिसऱ्या गिअरला काहीतरी किणकिणतं,
ते दिवाळीनंतर पाहू.
पारव्याच्या वळणावर बैल आडवे आले
की डावा पाय अजून
आधी थांबतो,
कोणी काही म्हणतंय का ऐकतो,
मग दाबतो.