गडग्यावरून वायर

टेबलावर तीन कागद आहेत.
एक गुळगुळीत, कंपनीचा. त्यावर हसणारं कुटुंब,
त्यांच्या भिंतीला कुठेच बुरशी नाही.
एक सरकारी, झेरॉक्सची झेरॉक्स,
अर्जदाराच्या नावाला जागा अर्धा इंच.
तिसरा तर कागदच नव्हे,
चहापुडीच्या मागच्या बाजूला
मुबीन होडेकरने बॉलपेनने लिहिलेला आकडा,
चारशे,
आणि खाली, दोनदा रेघ मारून, स्वतःचा नंबर.

रात्री नऊ ते बारा मी दहावीचे सराव-पेपर तपासते,
जालन्याच्या, परभणीच्या पोरांची बीजगणितं.
एका पेपरचे अकरा रुपये.
सिग्नलसाठी सड्यावर जाते,
कातळावर गोणपाट टाकून बसते, बॅटरी दातांत धरून.
एक्सची किंमत निघता निघता
स्क्रीन पांढरी होते.
कुणा अश्विनीचे पाच गुण
तीन दिवस असेच हवेत लटकले होते.
मी तिला ओळखत नाही. तरी झोप लागली नाही.

म्हणून तिघांनाही विचारलं, रीतसर, एकच प्रश्न:
वारा सुटला, झावळी पडली, वायर तुटली,
तर कोण येईल?

कंपनीतली मुलगी गोड होती.
चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत आपली तक्रार, म्हणाली,
आणि पुढे बासरी वाजायला लागली.
गुहागरच्या सरकारी खिडकीतले पेडणेकर खरं बोलले,
"लाइनमन एक, बाई, आणि गावं एकोणतीस.
पण लाइन चांगली हो. लागली की."
मुबीन म्हणाला, "मीच येणार. दुसरा आहे कोण?"
मग डोकं खाजवून,
"लाइट गेली तर माझं पण जातं हां. खोटं कशाला सांगू."

आवडलं मला ते, न विचारता सांगितलेलं.
स्पीड किती, हे विचारायचं राहूनच गेलं.

पण त्याचा खांब देवळाशी, माझं घर पाखाडीखाली,
आणि मधे विश्राम भावोजींचं आगर.
गडग्याच्या वीतभर दगडांवरून
तेरा वर्षं आमचं बोलणं नाही.
तालुक्याला तारखा पडतात.
दोन्ही घरं एकाच एसटीने जातात,
वेगवेगळ्या बाकांवर बसून.
"वायरला कुठे सातबारा लागतो," मुबीन म्हणाला.
"पोफळीला लागतो ना," मी म्हटलं.

गेले तरी.
भावोजी पडवीत सुपारी सोलत होते.
गडग्याच्या माझ्या बाजूला उभी राहून
सगळं सांगितलं, अश्विनीचे पाच गुणसुद्धा.
ते हो म्हणाले नाहीत.
नाही म्हणाले नाहीत.
सोललेली सुपारी टोपलीत टाकत राहिले,
टक्.
टक्.
अकरा मोजल्या आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी मुबीन शिडी घेऊन आला.
या पोफळीवरून त्या पोफळीवर, काळी, बारीक वायर,
सासऱ्यांनी लावलेल्या झाडांवरून
त्यांच्या भावाने लावलेल्या झाडांवर.
कुठलं कुणाचं, त्याने विचारलं नाही.
आगरात कुणी खोकलंसुद्धा नाही.
संध्याकाळी डबीवरचे दिवे हिरवे झाले.
कंपनीचा कागद मी डाळीच्या डब्यात तळाला अंथरला.
चौदा पेपर तपासले, घरात, पंख्याखाली,
आणि सवयीने बॅटरी दातांत धरलेली,
ते बाराला लक्षात आलं.

मधे वायर जरा लोंबत होती,
गडग्याला घासत होती. मी पाहिलं होतं.
मुबीन म्हणाला होता, सोमवारी ओढून देतो.

रविवारी पहाटे पाणी काढायला गेले तर
वायर वर.
खाली ऐनाचं एक बेळकं रोवलेलं,
बेचक्यात सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली,
वायर कापू नये म्हणून, तीन वेढे, घट्ट.
आणि रोवलेलं कुठे, तर
नेमकं त्या वीतभर दगडांत.

पुढची तारीख सोळाला आहे.
सकाळची एसटी.