बे दाहे वीस

ड्रम आधी तेलाचा होता.
साकीनाक्याच्या भंगारातून अडीचशेला आणला,
तीनदा सोड्याने खंगाळला, तरी आठ दिवस
हात धुतले की हाताला वडे तळल्याचा वास.
पेडल मी बसवलं. सायकलचं दुकान बंदच होतं तेव्हा.
एक ब्रेकवायर, एक स्प्रिंग,
खाली पाय दाबला की वर तोटी उघडते.
हात कुठेच लावायचा नाही.

असल्फ्याच्या टेकडीवर, चढाच्या तोंडाशी,
संडासाच्या अलीकडे.

वर पालिकेचा फलक:
दोन गुलाबी हात, पांढरं बेसिन, अखंड धार.
आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला, पस्तीस मिनिटं,
तेही ज्याचा पाईप खाली त्याला आधी.
वीस सेकंदांत किती जातं
ते शेवंता भालेकरांनी तांब्या धरून मोजलं
आणि म्हणाल्या, एवढ्यात माझी डाळ शिजते.

पहिल्या दिवशी साबण गेला.
दुसऱ्या दिवशी सुतळीला बांधला, तर सुतळीसकट गेला.
मग शाळेच्या जुन्या मोज्यात घालून तारेने आवळला.
मोज्यातला साबण कुणी नेला नाही.

घड्याळ कुणाकडे बघणार, हात फेसाचे.
संडासाच्या गल्ल्यावर बसणारी गोजराबाई म्हणाली,
बेचा पाढा म्हणा. सावकाश. दाह्यापर्यंत.
ती दुसरीपर्यंत शिकलेली.
मग रोज सकाळी त्या चढावर
मोठी मोठी माणसं, मास्कच्या आतून,
बे एके बे,
सुलेमान टेलर त्याच्या चालीत दो दूनी चार,
दगडू आजोबा बे साते-ला अडायचे,
पुन्हा पहिल्यापासून,
पाय मात्र पेडलवर तसाच,
आणि मागची रांग ओरडायची,
अहो पाणी, पाणी!

त्याच दिवसांत गोजराबाईने
गल्ल्यावर साबणाच्या पाण्याची वाटी ठेवली.
दोन रुपये लोक वरून सोडायचे.
डुब्.
मी म्हटलं, मावशी, मनाला लावून घेऊ नका,
रोगच तसा आहे.
ती हात धूत होती. हसली, असं वाटलं;
मास्कमुळे सांगता येत नाही.
म्हणाली, माझ्या हातात वरूनच पडतात रे पैसे,
एकवीस वर्षं झाली.
तुमची पाळी आत्ता आली.
आणि पुढचं मोजायला लागली,
बे आठे सोळा.

मी आठवायला लागलो,
मी कसे द्यायचो.
आठवलं.

ड्रम आता भालेकरांच्या दारात आहे,
त्यात पाणी भरतात, वर पाट, पाटावर तुळस.
फलकातला एक हात उडालाय.
पेडल माझ्या दुकानात खिळ्याला,
कुणी विचारलं तर सांगतो, विकायचं नाही.
का, ते मलाही नीट माहीत नाही.
नळाखाली हात धरला की ओठ अजून हलतात,
बहुतेक वेळा बे पंचे-पर्यंतच.

परवा सकाळी गेलो.
नाणं चिमटीत नाही, तळहातावर ठेवलं,
आणि हात पुढे केला, तिच्या हाताजवळ.
गोजराबाईने माझ्याकडे पाहिलं.
मग वाटी पुढे सरकवली.

वाटी कोरडी होती.
नाणं केवढ्यानं वाजलं.