दिवा लावण्याआधी

रत्नागिरीहून एस.टी.त मांडीवर घेऊन आले,
फुगवलेल्या पिशवीत पाच.
एक नर, तीन माद्या,
आणि एक, जो पूर्णगडच्या पुलापर्यंतच टिकला.

"काड्या विकत घेतल्यास होय?"
इब्राहिम सोलकर जाळं झटकत म्हणाला,
"जेटीखाली बघ, खंडीभर फिरतायत."
फिरतायत. पण त्या अंडी चिकटवतात गवताला.
या पोरं देतात, हलती, डोळ्यांसकट.
त्याला हे सांगितलं नाही.
गिऱ्हाइकाशीसुद्धा मी मापापुरतंच बोलते.

मशीनच्या उजव्या हाताला पेटी ठेवली.
पाण्यात चमचाभर खडेमीठ,
मागच्या काचेला काळं अस्तर,
कुणाच्या तरी कोटातून उरलेलं,
कारण काच त्यांना दिसत नाही
आणि खालचा जबडा असा सुईसारखा पुढे
की पहिली ठेच त्यालाच.
वरचा आखूड. कापड कमी पडल्यासारखा.

तळाला कधीच जात नाहीत.
पाण्याच्या वरच्या काठाला लागून,
धावदोरा घालावा तशा, पुढे, पुढे, थांबून, पुढे.
मी काजं करते, त्या हिंडतात.
दुपारचं आमचं असं चालतं.

मागच्या दारी बादलीत डासांच्या अळ्या वाढवल्या होत्या.
आरोग्य केंद्राच्या मेस्त्री सिस्टर पाहणीला आल्या,
वाकून बघितलं, मग माझ्याकडे.
"वहिनी, हे काय?"
"खाऊ," मी म्हटलं.
बादली माझ्यादेखत उलथली त्यांनी, वहीत नाव लिहिलं.
तेव्हापासून केळ्याच्या सालीवरची चिलटं,
बरणीला फडकं बांधून.

अंधारात एकदम ट्यूब पेटली की त्या उधळतात.
म्हणून घरात ठरलं :
आधी झिरोचा दिवा, मग जरा दम, मग मोठा.
दिगू बर्फाची गाडी चालवतो, रात्री अडीचला परततो.
सतरा वर्षं दार ढकलून, बटण दाबून,
"पाणी दे" म्हणत आत आला.
आता उंबऱ्यावर खोकतो.
चपला हातात घेतो,
झिरोचा लावतो
आणि त्या लाल उजेडात नुसता उभा राहतो.
मी जागी असते. त्याला ते ठाऊक नाही.

नारळीपौर्णिमेच्या आदल्या रात्री वीज गेली.
बटणं तशीच राहिली. चूक माझीच.
तीनच्या सुमाराला आली सगळी मिळून :
ट्यूब, पंखा, शेजारचा टीव्ही,
आणि काचेवर नख मारल्यासारखं एकच टक्.

पोटुशी होती ती. चोच मुळातून वाकली.
वरचं काही टिपता येईना.
औषधाच्या ड्रॉपरने थेट तोंडाशी चिलट धरायचं,
दहातलं एखादं जायचं आत.

नवव्या पहाटे गोंडाळाच्या मुळ्यांत अकरा.
मागच्या दोन्ही खेपांना
मी चाळणी आणेपर्यंत तिनेच आपली पोरं गिळली होती.
या वेळीही वळली त्यांच्याकडे,
तोंड उघडलं,
काही लागलं नाही.
पुन्हा उघडलं.

यावर काय वाटून घ्यावं
मला अजून कळलेलं नाही.

दिगूने पोरं मोजली. दोनदा. एकदा दहाच भरली.
सोमवारी ती गेली. अबोलीच्या कुंडीत पुरली.

यांना जन्मतः चोच अशी नसतेच,
दोन्ही जबडे जवळपास सारखे,
कुठल्याही माशाची असावीत तशी पोरं.
खालचा मागाहून वाढतो.
काल बाही उलटवताना सहज बघितलं :
एकाला फुटलीय,
थुंकी लावून वळलेल्या दोऱ्याच्या टोकाएवढी.
उजव्या काचेपासून दोन बोटांवर होता.

चिंध्यांचं गाठोडं सोडून बसलेय सकाळपासून.
काळं नाही मिळालं तर
जांभळं चालेल.