कडेला

अकरा आठवड्यांची तिआहो माझ्या छातीवर,
सोफ्याच्या खोबणीत मी,
घड्याळात सव्वादोन.
साडेतीनला निघायचंय:
वाइरोआ ते नेपियर बंदर, पाइनचे ओंडके, चव्वेचाळीस टन,
आणि रस्ता असा की
वळण संपलं म्हणेपर्यंत पुढचं वळण.

पिरिहिरा आत झोपलीय. खरं तर कोसळलीय,
एक पाय अजून चपलेत.
मीच म्हणालो, जा तू, मी बघतो.
मी बघतोय.
हीटरची तांबडी पट्टी बघतोय,
बाळाच्या टाळूवरची धडधड,
जावळातला दुधाचा आंबूस वास,
तो काही बघता येत नाही, पण बघतोय.

ड्रायव्हरला विचारा झोप कशी येते.
दार वाजवून येत नाही.
आधी पांढरी रेघ जरा मऊ होते,
रेडिओवरचा माणूस लांबून बोलायला लागतो,
आणि मधले दोन किलोमीटर
कुठे गेले ते कधीच सापडत नाही.
मोहाकाच्या उताराला माझे असे दोन हरवलेत.
डोळे उघडले तेव्हा चाकं खडीवर होती.
गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं,
आणि हात मांडीखाली दाबून बसून राहिलो
थरथर थांबेपर्यंत.

आत्ता हीटरची पट्टी मऊ झाली.

हात सैल पडला होता माझा.
तिचं तोंड सोफ्याच्या पाठीकडे वळलेलं,
नाक कापडापासून बोटभर.
बोटभरच.

कडेला घे, पेनी.
कडेवर घे, आणि कडेला घे.

पलंगावर मधोमध मेरेआना मावशीची टोपली,
हाराकेकेच्या पात्यांची, अजून ओल्या गवताचा वास असलेली.
पाती कापायला मावशीनं मला सोबत नेलं होतं.
मधला कोंब कापायचा नाही, म्हणाली, ते मूल.
त्याला दोन्हीकडून धरून असतात ते आईबाप,
त्यांनाही हात लावायचा नाही.
बाहेरची म्हातारी पाती घे. माझ्यासारखी.
हसली,
आणि सुरी हातात तशीच धरून
मधेच हसायची थांबली.

एकोणऐंशी सालचा तिचा मुलगा.
पालथं झोपवा, सांगायचे तेव्हा दवाखान्यात,
पोटाला बरं पडतं.
तिनं सांगितलेलं ऐकलं.
एवढंच बोलली.
काठ आवळताना पातं इतकं ओढलं की बोट कापलं.
उताणं, म्हणाली मग, बोट तोंडात धरून.
दिवसा, रात्री, घटकाभर टेकवलंस तरी.
आणि ती उशी काढ. तो ससा काढ.
ससा मीच आणला होता, पहिल्या पगारवाढीचा.
आता कपाटावरून बघत असतो.

ठेवली. उताणी.
दोन्ही मुठी डोक्याशी वर,
कुणी 'हात वर' म्हटल्यासारखी.
उताणा पडला तो हरला म्हणतात.
हर बाई. रोज रात्री अशीच हर.
पांघरूण काखेखाली खोचलं, चेहरा मोकळा.
ती जरा घुरघुरली, तोंड वाकडं केलं,
मला वाटलं आता जागी होते, आता सगळं पहिल्यापासून.
नाही झाली.

पिरिहिराची चप्पल काढली.
झोपेतच म्हणाली, "ठेवलीस?"
"ठेवली."
"कशी?"
सांगितलं. पण ऐकायला ती तिथे नव्हती.

फोन उचलला, डेपोला लिहिलं:
पहिली खेप दुसऱ्याला द्या, मी उजाडल्यावर येतो.
पैसे कापतील.
कापू देत, बाहेरचं पातं आहे ते.

मग टोपलीच्या काठावर एक बोट ठेवून
तिचे श्वास मोजायला लागलो.
सतरापर्यंत आठवतंय.